पाणी कुठे जाणार?

माझे घर आज जेथे उभे आहे तेथे पूर्वी भात पिकत असे. बेळगावच्या दक्षिणेला, शहापूर-वडगावच्या अंगाला शिवाराचे तुकडे पडून प्लॉट झाले. त्यांतला तीस बाय चाळीस फुटांचा एक तुकडा मी नोकरीत कायम झाल्यावर घेतला. प्लॉट रस्त्यापेक्षा सखल होता. गवंडी म्हणाला, "सर, तीन फूट मुरूम भरून घ्या, वर दोन फुटांचं जोतं बांधा. पुढं कटकट नको." मी भूगोल शिकवणारा माणूस, पाणलोट क्षेत्र, उतार, निचरा हे शब्द वर्गात रोज उच्चारणारा. तरीही हा सल्ला ऐकताना माझ्या मनात एकही शंका आली नाही. छत्तीस ब्रास मुरूम पडला, घर झाले, वास्तुशांत झाली.

ऑगस्ट २०१९ मध्ये पावसाने ठाण मांडले. बळ्ळारी नाला काठ सोडून शिवारात पसरला आणि पाणी आमच्या गल्लीत शिरले. माझ्या घराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत येऊन ते थांबले. मी मनातल्या मनात गवंड्याला धन्यवाद दिले. माझ्या शेजारी एक वयस्क विणकर राहतात. घरी कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलणाऱ्या या गृहस्थांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांचे घर माझ्यापेक्षा पुष्कळ जुने, जोते जेमतेम फूटभर. त्यांच्या घरात गुडघाभर पाणी होते. दोन यंत्रमागांच्या मोटारी बुडाल्या, मागावर चढवलेला ताणा वाया गेला. पाणी ओसरल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, चार सहानुभूतीचे शब्द बोललो. म्हणालो, "अण्णा, इतक्या वर्षांत तुमच्याकडे पाणी शिरलं नव्हतं म्हणता, मग याच वर्षी कसं?" ते ओला ताणा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "पाणी कुठं जाणार हो सर? तुम्ही समदी वर चढलासा, ते आमच्याकडं आलं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. 'नागरी पूरजोखमीचे व्यवस्थापन' या भारदस्त शब्दांमागे वस्तुतः हा एकच प्रश्न आहे, पाणी कुठे जाणार? ज्या नगररचनेने तो आधी विचारला ती शहाणी. जिने विचारला नाही तिच्या वतीने तो पुढे पाऊस विचारतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करावा असे योजिले आहे.

पूर एक नव्हे, दोन

पूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नदी येते. कोल्हापूरची पंचगंगा हे आपल्या शेजारचे उदाहरण. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही तिची धोक्याची पातळी. २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ मध्ये त्याहूनही वर. पुणे-बेंगळूर महामार्ग पाण्याखाली गेल्याने आपल्यापैकी अनेकजण त्या वेळी अडकून पडले असतील. या पुराचे पाणी दूर घाटमाथ्यावर पडलेले असते, ते यायला वेळ घेते आणि म्हणून त्याची सूचना थोडी आधी देता येते.

दुसरा पूर शहराचा स्वतःचा. तेथे नदी असलीच पाहिजे असे नाही. शहरावर पडलेला पाऊसच शहराला बुडवतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात तो ७३ मिलिमीटरच होता. हा पूर दोन-तीन तासांत येतो. घरातले सामान उचलण्याइतकीही उसंत देत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे आणि गावातून मोठी नदी वाहत नाही. त्यामुळे 'आपल्याला पुराचे काय भय?' अशी आपली एक जुनी समजूत आहे. ती पहिल्या पुरापुरती ठीक आहे, दुसऱ्याला ती लागू पडत नाही. उंचावरच्या गावातही एक भाग दुसऱ्यापेक्षा सखल असतोच, आणि गावाचे पाणी तेथेच उतरते. त्या सखल भागात पूर्वी आपण भात लावत होतो. आता घरे लावतो.

शेत आणि फरशी

थोडे गणित करू. ते सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडले. एक एकर म्हणजे सुमारे ४,०५० चौरस मीटर. एखाद्या संध्याकाळी तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका एकरावर दोन लाख लिटर पाणी पडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात असा तास दुर्मीळ नाही.

आता भाताच्या खाचराकडे पाहा. चारी बाजूंनी वीतभर उंचीचे बांध. बांध १५ सेंटिमीटर उंच धरला, तर रिकामे खाचर दर एकरी सहा लाख लिटर पाणी अडवून धरू शकते. शेतकऱ्याने तो बांध पुरासाठी घातलेला नसतो, पिकासाठी घातलेला असतो. तथापि खालच्या वस्तीच्या दृष्टीने प्रत्येक खाचर हा एक लहानसा, फुकटचा तलाव असतो. पाणी त्यात साठते, मुरते आणि सावकाश, बांध फोडला तरच, पुढे जाते.

त्याच जमिनीवर वसाहत झाली की काय होते? बांध मोडतात. छपरे, डांबरी रस्ते, सिमेंटची अंगणे येतात. मोकळ्या शेतजमिनीवरून पडलेल्या पाण्याचा साधारण चौथा हिस्सा लगेच वाहून जातो असे धरले, तर दाट बांधकाम झालेल्या जागेवरून तीन चतुर्थांश वाहून जातो. दहा एकरांच्या वसाहतीवर त्या एका तासात वीस लाख लिटर पाणी पडेल. शेत असताना त्यातले पाच लाख नाल्याकडे गेले असते, आता पंधरा लाख जाईल. वाढीव दहा लाख लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका तासात नाल्याच्या तोंडाशी आणून रिकामे केल्यासारखे आहे. शिवाय गुळगुळीत गटारातून हे पाणी शेतापेक्षा कितीतरी वेगाने धावते. वरच्या चार वसाहतींचे पाणी पूर्वी वेगवेगळ्या वेळी नाल्यात पोहोचे. आता ते सगळे एकदमच पोहोचते. पुराची उंची केवळ पाण्याच्या राशीवर ठरत नाही. ती राशी किती थोड्या वेळात आली यावर ठरते.

यात मोरीचा प्रश्न मिसळतो. नाल्यावर रस्ता नेताना खाली सिमेंटचा नळ टाकतात. दोन फुटांचा नळ चार फुटांच्या नळाच्या निम्मे पाणी नेत असेल अशी आपली सहज समजूत होते. प्रत्यक्षात उतार सारखाच असेल तर तो सुमारे एक षष्ठांश पाणी नेतो. मोठ्या नळाऐवजी लहान नळ टाकून वाचवलेले पैसे वरच्या अंगाची घरे पुढे कैक पटींनी भरून देतात. त्यात गाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या, तर काय होते ते निराळे सांगायला नको.

आणि शेवटी भराव. माझ्या छत्तीस ब्रास मुरमाचा हिशेब मी २०१९ नंतर केला. ३,६०० घनफूट म्हणजे सुमारे एक लाख दोन हजार लिटर. पुराच्या दिवशी माझ्या प्लॉटवर जे एक लाख लिटर पाणी उभे राहिले असते, त्याची जागा मी मुरमाला दिली होती. पाणी नाहीसे झाले नाही, ते सरकले. गल्लीत अशी वीस घरे भराव टाकून उभी राहिली, की वीस लाख लिटर पाणी न भरलेल्या घरांकडे सरकते. अण्णांनी हे गणित न मांडता सांगितले होते.

हैदराबादची साक्ष

हा विचार नवा आहे असे कोणी समजू नये. तो आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका अभियंत्याने एका बुडालेल्या शहरासाठी मांडला होता. हे शहर हैदराबाद आणि तो अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील वाचकांना ते घरचे वाटतात यात नवल नाही. पण त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे, मुंबई इलाख्यातील त्यांच्या नोकरीची सुरुवात नाशिकची, आणि खडकवासला धरणावरील स्वयंचलित दारे त्यांची. म्हणून मराठी विभागानेही त्यांच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे सामान्यतः सांगितले जाते. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड तेथे आजही दाखवतात. पुढच्या वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले.

त्यांनी प्रथम नदीकडे नव्हे, नदीच्या वरच्या प्रदेशाकडे पाहिले. शहराच्या वरच्या पाणलोटात लहानमोठे ७८८ तलाव होते, जवळजवळ दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी २२१ तलाव त्या पावसात फुटले होते. हे तलाव साखळीने बांधलेले होते. वरच्याचा सांडवा खालच्यात. साखळी शाबूत असते तोवर प्रत्येक तलाव थोडे पाणी धरतो आणि खालच्याचा भार हलका करतो. एक फुटला की त्याचे सारे पाणी खालच्यावर आदळते, मग तोही फुटतो. मुसीच्या पुरात पावसाचे पाणी तर होतेच, त्यात या फुटलेल्या तलावांची भर पडली.

त्यांनी सुचविलेला मुख्य उपाय म्हणजे शहराच्या वर, मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर दोन मोठे जलाशय. यांतला उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पिण्याच्या पाण्यासाठी त्यांचा उपयोग झालाच. पण मूळ कल्पना अशी होती, की जलाशयाचा वरचा भाग रिकामा राखावा आणि पूर आला की तो त्यात सामावून घ्यावा. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. रिकामी जागा हेही एक बांधकामच आहे. भिंत दिसते, तिचे उद्घाटन होते. रिकामी जागा दिसत नाही, आणि ती रिकामी ठेवण्याचे श्रेय कोणालाही मिळत नाही. म्हणूनच ती टिकवणे धरण बांधण्यापेक्षा कठीण जाते.

हैदराबादेत पुढे तेच झाले. दोन जलाशयांनी मुसीला आवर घातला. नदीचे भय गेले. भय गेले तसा शहाणपणाही गेला. नदीपात्रातच वस्ती सरकली. शहराच्या आतले आणि भोवतालचे तलाव आक्रसत गेले, त्यांच्यामधले नाले बुजले. जलाशयांनी नदीचा पूर अडवला होता. शहरावर पडणाऱ्या पावसाशी त्यांचा संबंध नव्हता. ऑगस्ट २००० मध्ये एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला आणि शहराच्या सखल वसाहती बुडाल्या. १३ आणि १४ ऑक्टोबर २०२० ला शहराच्या काही भागांत ३० सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला. पल्ले चेरुवू, गुर्रम चेरुवू असे तलाव फुटले आणि त्यांच्या खालच्या वसाहतींत पाणी घुसले. तेलुगूत चेरुवू म्हणजे आपला तलाव, कन्नडमधली केरे. विश्वेश्वरय्यांनी ज्या तुटलेल्या साखळीची नोंद केली होती, ती ११२ वर्षांनी पुन्हा तुटली. फरक एवढाच की या खेपेस तिच्या कड्यांमधोमध माणसे राहत होती.

उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्या भोवतालच्या दहा किलोमीटरच्या टापूत बांधकामावर निर्बंध घालणारा आदेश १९९६ मध्ये निघाला होता. २०२२ मध्ये हे निर्बंध उठवणारा आदेश निघाला. संरक्षण मिळवायला एक महापूर लागतो आणि ते जायला एक कागद पुरतो, हे यावरून ध्यानात यावे.

'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे काय?

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा बांधकामास निषिद्ध. निळ्या आणि लाल रेषांमधला नियंत्रित, म्हणजे अटी पाळून बांधण्याजोगा.

या शब्दप्रयोगाने मोठा गैरसमज होतो. 'शंभर वर्षांचा पूर २०१९ मध्ये येऊन गेला, आता आपल्या हयातीत काळजी नाही' असे सुशिक्षित माणसेही बोलतात. निसर्ग वर्षे मोजत नाही. शंभर वर्षांचा पूर याचा अर्थ, दरवर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. घर तीस वर्षे वापरायचे म्हटले तर त्या मुदतीत असा पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे जवळजवळ चारात एक. निळ्या रेषेवरच्या, पंचवीस वर्षांच्या पुरासाठी हीच शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दोन ओळींचा आहे. चारात एक धोका असलेली मोटारगाडी आपण विकत घेणार नाही. घर मात्र घेतो, कारण तो धोका खरेदीखतात लिहिलेला नसतो.

त्यात आणखी एक गोष्ट. या रेषा मागील नोंदींवरून आखलेल्या असतात. हवा एक अंशाने तापली, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तेव्हा पुढचा पाऊस मागच्या वहीत बसेलच असे नाही. शिवाय वरच्या अंगाची शेते वसाहती झाली, की तेवढ्याच पावसाने पूर अधिक चढतो. म्हणजे रेषा कागदावर तेथेच राहते आणि पाणी तिला ओलांडून पुढे येते.

नव्या वसाहतीला विचारायचे प्रश्न

आपल्या राज्याच्या राजधानीत तलावांना जोडणाऱ्या मोठ्या नाल्यांना राजकालुवे म्हणतात. या नावातच त्यांचा मान आहे. बेंगळूरच्या २०१५ सालासाठीच्या आराखड्यात तलावाभोवती ३० मीटर आणि राजकालुव्यांच्या मध्यापासून त्यांच्या दर्जानुसार ५०, २५ व १५ मीटर पट्टा मोकळा सोडण्याची तरतूद होती. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हे पट्टे वाढवले. तलावाचा तर ७५ मीटर केला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ रद्द केली. पट्टा किती असावा यावर मतभेद होऊ शकतात. पण आहे तो पट्टाही जागेवर कितपत उरतो, हा खरा प्रश्न आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळूरच्या बाह्य वर्तुळमार्गावर संगणक कंपन्यांतील कर्मचारी ट्रॅक्टरमधून कामावर जाताना सर्वांनी पाहिले. उंची इमारतींची होती, रस्ता मात्र पाण्याच्या वाटेवर होता.

माझ्या मते नव्या वसाहतीला परवानगी देण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे नकाशावर, आकड्यांनिशी मागितली पाहिजेत.

पहिला प्रश्न: या जमिनीवर आज पाणी कोठून येते आणि कोठून जाते? प्लॉट पाडण्यापूर्वी पाण्याच्या वाटा आखाव्यात आणि त्या सोडून उरलेल्या जागेत रस्ते व घरे बसवावीत. आज नेमके उलट होते. आधी प्लॉट पडतात आणि उरलेल्या फटीतून नाला काढला जातो.

दुसरा: वसाहत झाल्यावर बाहेर जाणारे पाणी आजच्यापेक्षा वाढणार का? वाढणार असेल तर वाढ आपल्याच आवारात रोखून धरावी. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. वसाहतीचे खेळाचे मैदान भोवतालच्या जागेपेक्षा दोन फूट खोल ठेवले आणि त्याला बेताच्या आकाराची मोरी दिली तरी पुष्कळ काम होते. मघाच्या दहा एकरांत वाढीव पाणी दहा लाख लिटर होते. पाऊण एकराचे मैदान फक्त फूटभर भरले तर जवळजवळ तेवढे पाणी मावते. वर्षातून चार दिवस मुलांनी खेळू नये, एवढीच किंमत.

तिसरा: भराव टाकणार असाल तर ज्या पाण्याची जागा घेतली त्याला दुसरी जागा कोठे देणार? भरावाऐवजी खांबांवर घर उचलणे, खालचा भाग मोकळा ठेवणे हा अधिक सरळ मार्ग आहे. त्यात पाणी घराखालून जाते, शेजाऱ्याच्या घरातून नव्हे.

चौथा: हे सारे पुढे कोण सांभाळणार? गटार बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर असते. गाळ काढणाऱ्याचे कोठेच नसते. मे महिन्याच्या अखेरीस मोऱ्या साफ झाल्या की नाहीत हे पाहणारा माणूस नसेल तर वरच्या तीनही उत्तरांना अर्थ नाही.

ज्यांनी आपल्या देशाचा बराच भाग पाणी हटवून वसवला त्या नेदरलँड्सचे उदाहरण येथे बोलके आहे. १९९५ मध्ये नद्यांच्या पुरामुळे तेथे सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी केवळ बांध उंचावण्याऐवजी नदीला जागा देण्याचे धोरण स्वीकारले. नायमेखेन शहरापाशी तर वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेऊन नदीसाठी जादा पात्र खोदले आणि त्यासाठी पन्नासेक घरे हलवली. शतकानुशतके पाण्याला मागे ढकलणारे लोक विचारपूर्वक मागे सरले. यात पराभव मानण्यासारखे काही नाही.

मग लोकांनी राहायचे कुठे?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. सखल जमीन स्वस्त असते. म्हणूनच माझ्यासारखा नवा प्राध्यापक, रिक्षावाला, विणकर, बांधकामावरचा मजूर तिकडे वळतो. गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्याला कोणी पुराचा नकाशा दाखवत नाही आणि दाखवला तरी त्याच्या खिशात दुसरा पर्याय नसतो. उंचावर परवडणारी घरे न देता 'नाल्याकाठी राहू नका' म्हणणे हा उपदेश झाला, नियोजन नव्हे. आणि पूर हटवण्याच्या नावाखाली पहिला हातोडा झोपडीवर पडतो, नाल्यावर बांधलेल्या मंगल कार्यालयावर पडत नाही, हेही आपण पाहतोच.

जी वस्ती आधीच झाली आहे ती सगळी उठवता येणार नाही. तेथे लहान उपायांवर भर द्यावा लागेल: अरुंद मोऱ्या रुंद करणे, नवा भराव थांबवणे, उरलेली खाचरे आणि तलाव जिवापाड जपणे, पाण्याची सूचना वेळेवर गल्लीपर्यंत पोहोचवणे. अण्णांनी मागांच्या मोटारी आता कमरेइतक्या उंचीच्या लोखंडी चौकटीवर चढवल्या आहेत. हाही पूरनियोजनाचाच भाग. खेद एवढाच, की त्याचा खर्च ज्याने पाणी सरकवले त्याने नव्हे, ज्याच्याकडे ते सरकले त्याने केला.

माझ्यापुरते सांगायचे तर परसातली फरशी मी उखडून टाकली, तेथील भराव दीड फूट खाली नेला आणि छपराचे पाणी पाच हजार लिटरच्या टाकीत घेतले. माझ्या छपरावर त्या पन्नास मिलिमीटरच्या तासात जेमतेम चार हजार लिटर पडते. ते आता गल्लीत येत नाही. एक लाखाच्या कर्जातली ही किरकोळ परतफेड आहे, याची मला जाणीव आहे.

आमच्या वरच्या अंगाला दहा-एक एकर भातशेतीवर आणखी एक वसाहत आखली जात आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागाचे बारा विद्यार्थी मोजपट्ट्या आणि लेव्हल घेऊन तेथे गेले. खाचरांचे बांध, नाल्याची रुंदी आणि खालच्या मोरीचे तोंड मोजून आले. त्यात मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते, उर्दू बोलणारीही एक मुलगी होती. नाल्याची रुंदी वर सहा मीटर आणि मोरीपाशी दीड मीटर भरली. ही मोजमापे आणि वरचे चार प्रश्न आम्ही संबंधित कार्यालयाला लेखी दिले आहेत. पोच मिळाली, उत्तर अद्याप आलेले नाही. तेथे अजून मुरूम पडलेला नाही. म्हणजे वेळ गेलेली नाही.

वाचकांपैकी अनेकजण पुढे अभियंते होतील, काही कचेरीत बसून अशा नकाशांवर सही करतील आणि जवळजवळ सर्वजण कधी ना कधी एखादा प्लॉट पाहायला जातील. तो शक्यतो ऐन पावसाळ्यात पाहावा. शेजारच्या सर्वांत जुन्या घरातल्या माणसाला दोन शब्द विचारावेत. आणि गवंडी भराव टाकायला सांगेल तेव्हा, मी जो प्रश्न विचारला नाही, तो त्याला अवश्य विचारावा.